कागदावर तुझी नसलेली रायफल

उज्ज्वला, मागच्या आठवड्यात मी तुझ्या मुलाशी भांडले. तुझ्या रायफलीवरून, आणि तेही तुझ्या बाजूने. तू हे ऐकलं असतंस तर हसता हसता तुला ठसका लागला असता आणि तू म्हणाली असतीस, "बघ, म्हटलं नव्हतं मी? येतीस म्हणून एक दिवस माझ्या पार्टीत!"

तुझ्या पार्टीत मी आलेले नाही. ते आधीच सांगून ठेवते. पण झालं काय ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही. इतकी वर्षं काहीही झालं की पहिला फोन तुला करायचा, ती सवय तुला जाऊन दोन महिने होत आले तरी मोडत नाही. परवा एमआरटीच्या गाडीत बसल्या बसल्या तुझा नंबर लावला होता. वाजायला लागला तेव्हा भानावर आले.

सिंगापुरात, बुकित बातोकच्या आपल्या ब्लॉकमध्ये मी नवी राहायला आले तेव्हा लिफ्टमध्ये तूच पहिल्यांदा बोललीस. माझ्या हातातली पिशवी बघून म्हणालीस, "मेथी मिळाली व्हय? मराठी ना तुम्ही? मी अकराव्या मजल्यावर राहतो." मी जन्माने पुणेकर. बाईच्या तोंडून 'राहतो' ऐकून मला वाटलं, हिचं मराठी कच्चं आहे. तुझं मराठी कच्चं नव्हतं, कोल्हापूरचं होतं. तू शेवटपर्यंत 'मी जातो, मी करतो'च म्हणत राहिलीस. शिपिंग कंपनीत तू हिशेबांचा मोठा विभाग सांभाळायचीस, मिटिंगमध्ये साहेबासारखं इंग्रजी बोलायचीस, आणि घरी येऊन फोनवर मला म्हणायचीस, "मेधा, मी दमलो गं बाई."

तेव्हा तुझा घटस्फोट होऊन बरीच वर्षं झाली होती. रोहन शाळेत होता. शनिवारी सकाळी तू शूटिंग क्लबात जायचीस. मला आधी वाटलं, फोटोग्राफीचा क्लब असेल. एकदा तू मला सोबत नेलंस तेव्हा कळलं. कॉलेजात एनसीसीत असताना तुला नेमबाजीची गोडी लागली होती, ती सिंगापूरला आल्यावर पुन्हा उगवली. क्लबातल्या बंदुका क्लबातच कुलूपबंद राहायच्या, या देशात त्याबाबत जराही सूट नाही, आणि ते तुला मान्यच होतं. "कागदाच्या टिकलीला भोकं पाडायची आणि घरी येऊन भात लावायचा," असं तू सांगायचीस. मी जन्माची शाकाहारी, पण माझीही त्याला काही हरकत नव्हती. कागदाला कुठे रक्त येतं?

मग तू न्यूझीलंडला गेलीस.

कामासाठी गेली होतीस, आणि पुढे चार दिवस सुट्टी काढून दक्षिणेकडच्या बेटावर भटकलीस. तिथल्या कुठल्याशा लहान गावात मार्गरेट नावाची एक बाई तुला भेटली. मेंढ्यांचं मोठं रान, आणि घरामागच्या शेडमध्ये जुन्या बंदुका दुरुस्त करण्याचं काम. वडिलांकडून शिकलेली. त्या शेडच्या कोपऱ्यात तुला ती दिसली. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्लंडात शिकारीसाठी बनवलेली रायफल. दस्त्याला मनगटासारखा जो बारीक भाग असतो तिथं तडा गेलेला, त्यावर कुणीतरी काळी इलेक्ट्रिकची टेप गुंडाळलेली. लाकडावर फर्निचरचं जाड व्हार्निश. नळीवर गंजाचे फोड. कुणा शेतकऱ्याच्या गोठ्यात कित्येक वर्षं पडून होती म्हणे.

परत आल्यावर तू मला फोनवर तिचा फोटो दाखवलास. एखाद्या स्थळाचा फोटो दाखवावा तसा.

"ही काय भंगारातली काठी?" मी विचारलं.

"भंगार नव्हे. नळी आतनं आरशासारखी आहे. बाहेरनंच तिचे हाल झालेत." मग म्हणालीस, "घेतली मी."

घेतली म्हणजे काय, तर पैसे तू दिलेस, आणि कागदावर नाव मार्गरेटचं. परवाना तिचा, तिजोरी तिची. तिथल्या कायद्यानं तिच्या नजरेखाली तुला ती हाताळता येत होती, चालवता येत होती. पण ती तिचं रान सोडून कुठे जाणार नव्हती, सिंगापूरला तर नाहीच. मी म्हटलं, "जी वस्तू घरी आणता येत नाही, स्वतःच्या नावावर करता येत नाही, ती घ्यायची कशाला?" तू म्हणालीस, "पोरगं तरी कुठं आपल्या नावावर राहतंय?"

आपलं खरं भांडण त्या दिवशी सुरू झालं. मी विचारलं, दुरुस्त करून काय करणार? भिंतीला टांगणार? तू अगदी शांतपणे म्हणालीस, "हरीण मारणार."

मी उठून घरी निघून गेले. आठवतं? चहा तसाच टाकून.

दुसऱ्या दिवशी तू खाली आलीस. माझ्या दारात उभी राहून तू जे बोललीस ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. "मेधा, मी जन्मभर मटण खाल्लं. दर रविवारी टेक्का मार्केटला जातो, खाटकानं तुकडे करून पिशवीत घातलेलं आणतो. माझे आजोबा रानडुकरांच्या मागं जायचे, बायकांच्या वाट्याला फक्त मसाला वाटणं. मारणारा कुणीतरी दुसराच. एकदा माझ्या हातानं करून बघायचं आहे. झेपलं तर खाईन. नाही झेपलं तर सोडून देईन. फुकटचं खाणं बास झालं."

मी आपलं नेहमीचं म्हटलं, की मग आत्ताच सोडून दे, त्यासाठी एक जीव कशाला घ्यायचा? त्यावर तू माझ्या दुधाच्या पिशवीकडे बोट दाखवून विचारलंस, "त्या गायीचं खोंड कुठं गेलं, विचारलंस कधी?" यानंतर हे भांडण आपण किती वेळा केलं असेल! हॉकर सेंटरात खाता खाता प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, लिफ्टच्या दारात पाय अडकवून, दिवाळीच्या चकल्या तळताना. तू कधी आवाज चढवला नाहीस. मी चढवला.

पुढची दोन-अडीच वर्षं तुझ्या सगळ्या सुट्ट्या मार्गरेटच्या शेडमध्ये गेल्या. परत आलीस की मला इत्थंभूत सांगायचीस, मी ऐकायचं नाही असं ठरवूनही ऐकायचे. टेप सोडवली तेव्हा तिच्याबरोबर लाकडाचा ढलपा कसा निघाला. तडा उघडून, आत सरस भरून, आतल्या आत पितळेची बारीक खीळ कशी बसवली. पोचे पडले होते तिथं ओलं फडकं ठेवून वरून गरम इस्त्री फिरवली की दबलेलं लाकूड वाफेनं फुगून कसं वर येतं. हे सांगताना तू माझ्याच घरातली इस्त्री हातात धरून दाखवलं होतंस. मग जवसाचं तेल. तळहातानं चोळायचं, मुरू द्यायचं, वाळू द्यायचं, पुन्हा चोळायचं. आणि नळीची गंमत म्हणजे तिच्यावर मुद्दाम पातळ गंज चढवायचा, ती पाण्यात उकळायची, तांबडा गंज काळा होतो, तो घासायचा, पुन्हा गंज चढवायचा. असं करत करत तिला काळीनिळी झाक येते. "गंजानंच गंज मारायचा," असं म्हणताना तुझे डोळे असे चमकायचे, की मला तुझा राग येणं बंद व्हायचं.

दस्त्यावर हाताची पकड बसावी म्हणून बारीक चौकटींची जाळी कोरलेली असते, ती झिजून गेली होती. ती पुन्हा कोरायची तर आधी हात बसायला हवा. मार्गरेटनं सरावासाठी तुला बारीक दातांचं एक हत्यार दिलं. रायफल तिकडे, तू इकडे. मग तू घरातलं मिळेल ते लाकूड धरलंस. लाटणं, रवीची दांडी, रोहनच्या जुन्या बॅटची मूठ. एके दिवशी माझं लाटणं मागून नेलंस आणि आठवड्यानं परत दिलंस. त्याच्या दोन्ही मुठींवर इतकी नाजूक जाळी, की पोळ्या लाटताना हात घसरेना. मी विरोधक आहे याची तुला आठवण करून दिली, तर म्हणालीस, "तुझ्या पोळ्या तरी गोल येतील."

रायफल तयार झाल्यावर पहिला बार तुम्ही हातात धरून काढला नाहीत. जुनी वस्तू, फुटली तर? जुन्या टायरला ती बांधली, चापाला लांब दोरी लावली, आणि तुम्ही दोघी भिंतीआड बसून दोरी ओढलीत. तू तिथूनच मला फोन केलास. एवढी मोठी अधिकारी बाई, आणि लहान मुलीसारखी ओरडत होतीस, "वाजली! मेधा, वाजली!"

त्या शरदात तू पहिल्यांदा हरणाच्या मागे गेलीस. मी गेले नाही. इथं बसून, खोटं कशाला सांगू, देवाला हात जोडले की हिला काही मिळू नये. मिळालं नाही. म्हणजे हरीण समोर आलं होतं, तू नेमही धरला होतास. पण ते तिरकं उभं होतं, आणि तुला खात्री वाटेना. तू रायफल खाली घेतलीस. परत आलीस आणि शब्द पाळलास. मटण बंद. कोल्हापूरच्या माणसानं मटण सोडलं! रविवारी तू माझ्याकडे वरणभात जेवायला यायचीस आणि पापडाकडे असं बघायचीस, की मला गलबलून यायचं. मी जिंकले होते, आणि मला अजिबात मजा येत नव्हती.

वर्षभरानं तू म्हणालीस, "परत जातो. यंदा तू चल."

"मी कशाला?"

"तू बघितलंस तरच ते खरं. बाकी कोण मला खडसावून विचारणार?"

म्हणून मी आले. मार्गरेटच्या रानात पिवळट उंच गवत, गार वारा, आणि लांब कुठेतरी नर हरणांचं हंबरणं. मार्गरेट पुढे, तिच्यामागे तू, आणि बऱ्याच अंतरावर मी, उसन्या बुटांत. बोलायचं नाही, खोकायचं नाही. उतारावर एक मादी चरत होती. तू पोटावर झोपलीस, पिशवीवर रायफल टेकवलीस. मी डोळे मिटणार होते. पण तू म्हणाली होतीस, बघ. म्हणून बघितलं.

तू नेम धरलास आणि रायफल खाली घेतलीस. पुन्हा धरलीस, पुन्हा खाली. त्या वेळात मी तुला जेवढं ओळखलं तेवढं इतक्या वर्षांत ओळखलं नव्हतं. मारायला निघालेल्या माणसाला घाई असते अशी माझी समजूत होती. तुला घाई नव्हती. तू त्या जनावराला पुरेपूर वेळ देत होतीस, आणि स्वतःलाही. मग आवाज झाला. हरणानं दचकून मान वर केली, ते दोन-चार पावलं चाललं, पुढचे पाय दुमडले आणि आडवं झालं.

मला वाटलं होतं, तू रडशील किंवा हसशील. तू जाऊन त्याच्याजवळ बसलीस आणि मानेवर हात ठेवलास. बराच वेळ. मी जवळ आले तेव्हा वर न बघता म्हणालीस, "गरम आहे गं."

पुढचं सगळं तूच केलंस. मार्गरेट सांगत होती तसं, तिच्या सुरीनं, कोपरापर्यंत हात भरवून. मी पाठ करून उभी होते. शेवटी तू हाक मारलीस, "मेधा, हातावर पाणी घाल." मी बाटली उघडून तुझ्या हातांवर पाणी घातलं. पाणी बर्फासारखं गार होतं. मी तुझी बोटं माझ्या हातात धरून चोळली, तेव्हा माझ्याही हाताला रक्त लागलं. मला किळस आली नाही. हे मी तुला कधी सांगितलं नाही.

संध्याकाळी मार्गरेटच्या स्वयंपाकघरात तू आधी माझी बटाट्याची भाजी केलीस, वेगळ्या पातेल्यात, वेगळा चमचा घेऊन. मग हात धुऊन, सिंगापूरहून नेलेला कांदा-लसूण मसाला काढलास आणि तुझा रस्सा टाकलास. तू पहिला घास घेतलास, चावलास, आणि मान हलवलीस. एवढंच. त्यानंतर तू मटण खायला लागलीस, पण दर रविवारी नव्हे. सणावारी, थोडं, आणि वाटीत शिल्लक काही ठेवायचं नाही.

परत आल्यावर मी तुला काही विचारलं नाही. तू मला विचारायला नेलं होतंस. पण मला भीती वाटत होती, की मी विचारलं तर तू खरं सांगशील.

मग आजारपण आलं. त्याबद्दल लिहिणार नाही. तुला ते कुणी सांगितलेलं आवडायचं नाही. फक्त एक दुपार. तू खिडकीशी पडून होतीस, खाली मुलं सायकली खेळत होती. मला वाटलं झोपलीस. डोळे मिटूनच म्हणालीस, "ते हरीण चार पावलं चाललं ना गं?"

मी म्हटलं, "नाही. जागच्या जागी पडलं. त्याला कळलंसुद्धा नाही."

तू एक डोळा उघडलास. "खोटं बोलतीस."

"हो."

"बरं वाटलं पण," म्हणालीस आणि माझा हात दाबलास. इतकी वर्षं भांडून झाल्यावर आपल्यात एवढंच ठरलं.

आता रोहनचं सांगते. तुझं घर आवरायला तो वुडलँड्सच्या त्याच्या घरून रोज येत होता. एकटाच, खोकी भरत. तुझ्यासारखाच आहे, रडतो ते पाठमोरा. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, "मावशी, आय वॉन्ट टू ब्रिंग आईज रायफल होम." त्यानं सगळी चौकशी केली होती. चालणारी रायफल इथं घरात येणं शक्यच नाही. पण नळी बुजवून, बोल्टची खिट्टी वेल्ड करून, चाप कापून कायमची निकामी केली, तर शोभेची वस्तू म्हणून परवानगी मागून बघता येईल, असं कुणीतरी त्याला सांगितलं होतं. हॉलमध्ये तुझ्या फोटोखाली लावणार होता. मार्गरेटची हरकत नव्हती. कागदावर तिची असली तरी ती म्हणाली, मुलगा म्हणेल तसं करू.

आणि मी, उज्ज्वला, मी ताडकन उठले. "वेल्ड करायची? नळी बुजवायची? अरे, तुझ्या आईनं तिच्यावरचा गंज काढायला वर्षं घालवली!"

तो इथल्या पोरांच्या पद्धतीनं शेवटी 'लाह' लावून म्हणाला, "बट मावशी, यू ऑल्वेज हेटेड इट, लाह!"

"अजूनही आवडत नाही! तिनं हरीण मारलं ते मला आजही पटत नाही. पण तिनं ती भिंतीसाठी केली नव्हती. भिंतीवर टांगायची असती तर तिनं चार दिवसांत रंगवून टांगली असती."

त्याचा आवाज चढला. म्हणाला, "मग माझ्याजवळ काय राहिलं? तिचं सगळं चांगलं तिकडे दूर, माझ्याकडे खोकी!" आणि पहिल्यांदाच तो माझ्यासमोर, तोंड न फिरवता रडला. मी त्याला जवळ घेतलं. एवढा उंच मुलगा, माझ्या खांद्यावर डोकं ठेवायला त्याला वाकावं लागलं. भांडण तिथंच विरलं. मला वाटलं, आणेल तर आणू दे. तो मुलगा आहे, मी कोण?

मग आम्ही जमिनीवरच बसलो आणि मी त्याला सगळं सांगितलं. त्या उतारावरचं, तू दोनदा नेम सोडलास ते, मानेवर ठेवलेला हात. तू त्याला यातलं काही सांगितलं नव्हतंस. त्यानं विचारलं, "वॉज शी हॅपी?" मी म्हटलं, "नाही. पण ती अख्खी तिथं होती." हे त्याला कळलं की नाही, मला माहीत नाही. मग त्यानं मार्गरेटला फोन लावला आणि सांगितलं, रायफलीला काही करू नका, वापरात ठेवा, मी पुढच्या सुट्टीत बघायला येतो. मावशीला पण आणतो, असंही म्हणाला. मला न विचारता.

आज सकाळी मार्गरेटचा मेसेज आला. तिकडे पुन्हा शरद लागलाय. ती तुझी रायफल घेऊन दिवसभर त्याच उतारावर बसली होती. एक मादी आली, नेम धरला, तेवढ्यात वारा फिरला आणि ती उधळून गेली. रिकाम्या हातांनी परतले, पण दिवस छान गेला, असं तिनं लिहिलंय.

मी ते वाचलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या दोन्ही हात जोडले. सुटली बिचारी, म्हटलं.

तू मात्र चुकचुकली असतीस. वाऱ्याचा अंदाज घ्यायला नको व्हय, म्हणाली असतीस. घे मग. आपलं या बाबतीत अजून जमलेलं नाही.